दोन नद्यांचें अस्त्र

'ब्रह्मोस' हें नांव ऐकतांच आपल्याकडील बहुतेक सुशिक्षितांच्या मनांत ब्रह्मास्त्र उभें राहतें. पुराणांतील अस्त्राचें नांव घेऊन त्यास कांहीं परकी शेपूट जोडलें असावें, असा पुष्कळांचा समज असतो, व आमच्या वर्गांत तो दरवर्षीं एकदां तरी ऐकूं येतो. वस्तुतः या नांवांत पुराणाचा अंशहि नाहीं. एक ब्रह्मपुत्रा व दुसरी मॉस्कोची मोस्क्वा, अशा दोन नद्यांच्या नांवांचे आरंभ एकत्र जोडून हा शब्द बनविला आहे. भूगोलांत या नद्यांचा संगम कधींच व्हावयाचा नाहीं. एक बंगालच्या उपसागरास मिळते, तर दुसरी ओका नदींत शिरून पुढें व्होल्गेच्या वाटेनें कास्पियन समुद्रांत जाते. कागदावर मात्र हा संगम १२ फेब्रुवारी १९९८ रोजीं मॉस्को येथें झाला. हिंदुस्थानच्या वतीनें डॉ. अब्दुल कलाम यांनीं व रशियाच्या वतीनें तेथील उपसंरक्षणमंत्री मिखाइलोव यांनीं त्या दिवशीं करारावर सह्या केल्या.

या करारांतून निघालेल्या क्षेपणास्त्राच्या वेगाचें व पराक्रमाचें वर्णन वृत्तपत्रें नित्य करीत असतात. इतिहासाच्या विद्यार्थ्यास त्याहून निराळा एक प्रश्न पडतो. युद्धाची विद्या ही कोणतेंहि राष्ट्र दुसऱ्यास सहसा देत नाहीं. विकलीच तर बंद पेटींत घालून विकतें. मग येथें ती पेटी उघडली गेली ती कशी, आणि कितपत? 'संयुक्त निर्मिति' हा शब्द आज इतका स्वस्त झाला आहे कीं, त्याच्या एका खऱ्या उदाहरणाचा जमाखर्च एकदां मांडून पाहणें अगत्याचें वाटतें.

प्रथम बंद पेटीची हकीकत. जहाजावर सोडावयाच्या क्षेपणास्त्राची दहशत जगास पहिल्यानें पटली ती २१ ऑक्टोबर १९६७ रोजीं. इस्रायलची 'ईलात' ही विनाशिका पोर्ट सैदच्या बाहेर गस्त घालीत असतां इजिप्तच्या लहानशा नौकांनीं बंदर न सोडतां तिच्यावर सोव्हिएट बनावटीचीं क्षेपणास्त्रें सोडलीं. विनाशिका बुडाली, ४७ माणसें मेलीं. मोठीं जहाजें बांधणाऱ्या आरमारांस हा धक्काच होता. एका मचव्याएवढ्या नौकेनें विनाशिकेस जलसमाधि द्यावी, हें त्यांच्या हिशेबांत बसत नव्हतें.

हींच क्षेपणास्त्रें घेऊन चालणाऱ्या आठ नौका हिंदुस्थाननें रशियाकडून घेतल्या. त्या १९७१ च्या आरंभीं आल्या त्या मुंबईस नव्हे, तर कलकत्त्यास. कारण एवढें वजन उचलणारी यारी मुंबई बंदरांत नव्हती. कलकत्त्याहून त्यांना दोरखंडानें ओढीत मुंबईस आणावें लागलें. ही अडचणच पुढें उपयोगीं पडली. या नौकांचा पल्ला लहान. स्वतःच्या इंधनावर त्यांनीं कराचीपर्यंत जाऊन परत यावें, हें कठीण. परंतु ओढून नेतां येतात हें एकदां अनुभवास आल्यावर कराचीवर चाल करून जाण्याचा विचार शक्य कोटींत आला. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्रीं 'निपात', 'निर्घात' व 'वीर' या तीन नौकांनीं कराचीच्या तोंडाशीं जाऊन 'खैबर' ही विनाशिका व 'मुहाफिज' ही सुरुंग काढणारी नौका बुडविली. चार रात्रींनंतर 'विनाश' नौकेनें पुन्हां हल्ला केला व किनाऱ्यावरील तेलाच्या टाक्या पेटल्या. तेव्हांपासून ४ डिसेंबर हा आपल्या नौदलाचा दिवस झाला.

पराक्रम आपल्या खलाशांचा होता यांत शंका नाहीं. परंतु जें अस्त्र त्यांनीं सोडलें तें परक्याच्या कारखान्यांतून तयार होऊन आलेलें होतें. त्याचा पल्ला सुमारें ४० किलोमीटर होता, वेग ध्वनीपेक्षां थोडा कमीच होता, आणि तो वाढवावा अशी इच्छा झाली असती तरी ती सफळ करणें आपल्या हातीं नव्हतें.

वेगाचें महत्त्व येथें थोडें फोड करून सांगितलें पाहिजे, कारण पुढील सर्व इतिहास त्याच्याभोंवतीं फिरतो. पृथ्वी वाटोळी आहे, हें शाळेंत शिकविलेलें सत्य समुद्रावर जिवावर बेततें. पाण्यापासून दहा-पंधरा मीटर उंचीवरून सरपटत येणारी वस्तु युद्धनौकेच्या डोलकाठीवरील रडारास सुमारें ३० किलोमीटरांच्या आंत आल्यावांचून दिसत नाहीं. तोंपर्यंत ती क्षितिजाच्या आड असते. ती ध्वनीहून मंद असेल तर दिसल्यापासून आदळेपर्यंत दीड मिनिटाहून थोडा अधिक अवधि मिळतो. ती ध्वनीच्या दुप्पट वेगानें येत असेल तर उणापुरा पाऊण मिनिट. तेवढ्यांत ओळखणें, हुकूम देणें व प्रतिकार करणें हें सर्व उरकलें पाहिजे. शिवाय वजन तेंच ठेवून वेग तिप्पट केला तर आघाताची शक्ति नऊपट होते. स्फोटक द्रव्य निकामी ठरलें तरी नुसत्या धडकेनें जहाज फुटावें.

हें तत्त्व पाश्चात्य राष्ट्रांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस नाटोमधील कांहीं राष्ट्रांनीं असें स्वनातीत क्षेपणास्त्र एकत्र मिळून बनविण्याचा बेत केला होता. त्यांतून एकेक राष्ट्र गळत गेलें. फ्रान्स व पश्चिम जर्मनी यांनीं तो कांहीं काळ पुढें रेटला, आणि शीतयुद्ध संपतांच तोहि बारगळला. पैसा होता, कारखाने होते, विद्वान् होते; परंतु त्यांपैकीं कोणाचेंहि या अस्त्रावांचून अडलें नव्हतें. ज्या भागीदारींत कोणाचेंच अडत नाहीं ती सभांच्या वृत्तान्तांत दीर्घायुषी होते व कारखान्यांत अल्पायुषी ठरते, असें आमचें निरीक्षण आहे, व तें केवळ क्षेपणास्त्रांपुरतें नाहीं.

रशियांत ही विद्या एका संस्थेच्या घराण्यांत होती म्हटलें तरी चालेल. मॉस्कोजवळील रेउतोव या गांवीं व्लादिमिर चेलोमेय यांची संस्था होती. क्रुश्चेव यांचे चिरंजीव सेर्गेई हे कांहीं वर्षें तेथेंच काम करीत, व बापाच्या अमदानींत संस्थेस मिळालेल्या राजाश्रयाचा त्याच्याशीं संबंध जोडणारे लोक तेव्हांहि होते. चेलोमेय यांनीं एकामागून एक नौकाविरोधी क्षेपणास्त्रें तयार केलीं. पाण्याखालूनच सोडतां येणारें पहिलें अस्त्रहि त्यांचेंच. १९८४ सालीं ते वारले व गेर्बेर्त येफ्रेमोव हे त्यांच्या जागीं आले. तेव्हां संस्थेच्या मेजावर 'ओनिक्स' नांवाचें नवें क्षेपणास्त्र आकार घेत होतें. आणि मग १९९१ चा डिसेंबर आला. सोव्हिएट संघ नाहींसा झाला, खजिना आटला, आणि जगांतील एक अत्यंत कुशल असा कारखाना, हातांत अर्धवट घडविलेलें अस्त्र घेऊन, उद्यांच्या पगाराची चिंता करीत बसला.

इकडे हिंदुस्थाननें १९८३ सालीं कलाम यांच्या नेतृत्वाखालीं क्षेपणास्त्रांचा एक मोठा कार्यक्रम हातीं घेतला होता. पृथ्वी, अग्नि, आकाश, त्रिशूल, नाग हीं पांच नांवें त्यांतलीं. यांत विमानाप्रमाणें हवेंतून इंजिनाच्या बळावर शेवटपर्यंत उडत जाणारें क्रूझ जातीचें क्षेपणास्त्र एकहि नव्हतें. १९९१ च्या आखाती युद्धांत अमेरिकेनें बगदादवर अशींच क्षेपणास्त्रें सोडलीं, तेव्हां ही उणीव सर्वांच्याच डोळ्यांत भरली.

म्हणजे एकाकडे विद्या व दुसऱ्याकडे पैसा, इतकें हें सरळ होतें काय? नव्हतें, कारण दोघांनींहि नुकतीच एक ठेंच खाल्लेली होती. जानेवारी १९९१ मध्यें आपल्या अवकाश संस्थेनें रशियाच्या ग्लावकॉसमॉस या संस्थेशीं अतिशीत इंधनाच्या इंजिनाबद्दल करार केला होता. इंजिनें मिळावयाचीं व तीं बनविण्याची विद्याहि मिळावयाची, असें त्यांत ठरलें होतें. क्षेपणास्त्रांच्या प्रसारास आळा घालण्याच्या नांवाखालीं सात धनिक राष्ट्रांनीं १९८७ सालीं एक नियमावलि केली होती. तिचा आधार घेऊन अमेरिकेनें मे १९९२ मध्यें दोन्ही संस्थांवर बंदी घातली. १९९३ सालीं रशियानें माघार घेतली. तयार इंजिनें देऊं, विद्या देणार नाहीं, अशी तडजोड झाली. तें इंजिन स्वतःच्या बळावर यशस्वी रीतीनें उडविण्यास आपणांस जानेवारी २०१४ उजाडावें लागलें. विद्या देण्याचें वचन व विद्या यांमध्यें किती अंतर असतें, हें ज्यांना शिकावयाचें असेल त्यांनीं हें प्रकरण अवश्य अभ्यासावें.

१९९५ सालीं रशिया स्वतःच त्या नियमावलीचा सभासद झाला. तिची मुख्य मर्यादा अशी कीं, ५०० किलोग्रॅम भार ३०० किलोमीटरांपलीकडे नेणारें अस्त्र किंवा त्याची विद्या परक्यास देऊं नये. ब्रह्मोसचा पल्ला २९० किलोमीटर कां, याचें उत्तर येथें आहे. पुष्कळांस हा आंकडा अभियंत्यांनीं काढला असें वाटतें. तो मुत्सद्द्यांनीं काढलेला आहे. २७ जून २०१६ रोजीं हिंदुस्थानहि त्या मंडळींत जाऊन बसला, आणि पुढच्याच मार्चमध्यें अधिक पल्ल्याची चांचणी झाली. त्या नऊ महिन्यांत पदार्थविज्ञानाचे नियम बदलले नव्हते.

आतां करार. भागीदारीची मूळ रक्कम २५ कोटि डॉलर ठरली. तींत हिंदुस्थानचा वाटा शेंकडा ५०.५ व रशियाचा ४९.५. हा अर्धा टक्का लोकांस गंमतीचा वाटतो. परंतु त्यांत मोठें शहाणपण आहे. तेव्हां चालूं असलेल्या आपल्या १९५६ च्या कंपनी कायद्याप्रमाणें ज्या कंपनीचे शेंकडा ५१ किंवा अधिक भाग सरकारचे असत ती सरकारी कंपनी होई, व मग तिच्यामागें सरकारी खात्यांच्या सर्व रीति, टिपणें व मंजुऱ्या लागत. ५०.५ टक्क्यांत बहुमत आपल्या हातीं राहिलें, पण कंपनी सरकारी झाली नाहीं. ज्यांनीं सरकारी कचेरींत एका साध्या यंत्राच्या खरेदीसाठीं तीन वर्षें वाट पाहिली असेल, त्यांना या अर्ध्या टक्क्याची किंमत निराळी सांगावयास नको. कंपनीचे पहिले मुख्याधिकारी शिवथानू पिल्लै हे कलाम यांच्या तालमींतले गृहस्थ. करारानंतर तीनच महिन्यांनीं, मे १९९८ मध्यें, पोखरणचे अणुस्फोट झाले व पाश्चात्य राष्ट्रांनीं आपल्यावर बंदी घातली; सह्या आधींच झालेल्या होत्या, हें नशीब.

कामाची वांटणी अशी झाली. इंजिन व शत्रूचें जहाज शोधणारा 'डोळा' रशियाचा. मार्गदर्शनाची यंत्रणा, गणकयंत्र, सोडण्याची व नियंत्रणाची व्यवस्था आपली. थोडक्यांत अस्त्राचा देह बहुतांशीं ओनिक्सचा, व मज्जासंस्था बरीचशी हिंदी. इंजिनाची रचना मोठी चतुर आहे. रॅमजेट जातीच्या इंजिनांत हवा दाबणारीं फिरतीं पातीं नसतात. वेगामुळेंच हवा तोंडांतून आंत कोंबली जाते व तींत केरोसीनसारखें इंधन जळतें. परंतु मुळांत वेगच नसेल तर हें इंजिन सुरू व्हावें कसें? म्हणून प्रथम घन इंधनाचा एक बाण त्याला धक्का देऊन स्वनातीत वेगास पोंचवितो. हा बाण कोठें ठेवावा, याचें रशियनांनीं काढलेलें उत्तर पाहण्यासारखें आहे. तो त्यांनीं इंजिनाच्या जळणाच्या पोकळींतच बसविला. बाण जळून संपला कीं हवेचा झोत त्याचें रिकामें टरफल मागून बाहेर फेंकतो, आणि जी जागा त्याची होती तीच आतां मुख्य इंजिनाची भट्टी होते. पाहुणा उठून गेल्यावर त्याच्याच बैठकीवर यजमानानें बसावें तसें हें आहे.

१२ जून २००१ रोजीं ओरिसांतील चांदीपूरच्या किनाऱ्यावरून पहिलें ब्रह्मोस उडालें. करारापासून सव्वातीन वर्षांत हें झालें. आपल्याकडील शस्त्रनिर्मितीच्या इतिहासांत इतकी घाई क्वचितच आढळते, आणि तिचें कारणहि उघड आहे. आपण शून्यापासून आरंभ केला नव्हता. २००५ सालीं 'राजपूत' या विनाशिकेवर तें दाखल झालें; २००७ सालीं भूदलास मिळालें.

कच-देवयानीची कथा येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. खाडिलकरांच्या 'विद्याहरणा'मुळें ती मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाची आहे. शुक्राचार्य संजीवनी विद्या कचास आपण होऊन देत नाहींत. कचाची राख मद्यांतून त्यांच्या पोटांत जाते. त्याला उठवावें तर तो पोट फोडून बाहेर येणार व आपण मरणार, तेव्हां आपलाच जीव परत मिळावा म्हणून त्यांना ती द्यावी लागते. १९९८ सालीं रेउतोवची स्थिति कांहींशी अशीच होती. शिष्याचें जगणें व गुरूचें जगणें एकांत एक गुंतलें होतें. शाश्वत मैत्रीचीं भाषणें दोन्ही राजधान्यांत झालीं, तीं खोटीं होतीं असें आम्ही म्हणत नाहीं. पण पेटी उघडली ती या गुंत्यानें.

तरीहि ती पुरती उघडली नाहीं. इंजिन व डोळा यांचें मर्म गुरूनें आपल्याच घरीं ठेविलें. जें मिळालें नाहीं तें येथें सावकाश घडवावें लागलें. २० जानेवारी २००९ रोजीं पोखरण येथें भूदलासाठींचें नवें ब्रह्मोस लक्ष्य चुकून भलतीकडे गेलें. दोष शोधून ४ मार्च रोजीं तें पुन्हां सोडलें व त्यानें वेध घेतला. शिकणें म्हणतात तें हें. २२ मार्च २०१८ रोजीं आपल्या देशांत बनविलेल्या डोळ्यासह ब्रह्मोस उडालें. ३० सप्टेंबर २०२० रोजीं आपल्या देशांतील बाण व देह यांसह. म्हणजे करारापासून वीस-बावीस वर्षें लागलीं. पहिल्या सव्वातीन वर्षांचा गौरव पुष्कळ झाला आहे. आमच्या मतें खरा इतिहास या वीस वर्षांचा आहे, आणि तो ज्या कारागिरांनीं घडविला त्यांचीं नांवें कोठें छापलेलीं नाहींत. विक्रोळीच्या गोदरेजच्या कारखान्यांत या अस्त्राच्या देहाचे भाग तयार होत आले आहेत. तीन टनांचें अस्त्र विमानास कसें झेंपावें, हा प्रश्न निघाला तेव्हां वजन अडीच टनांवर आणलें गेलें, आणि सुखोई विमानाच्या पोटाखालीं तें बसविण्यासाठीं विमानाचेंच बळकटीकरण नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यांत झालें. २५ जून २०१६ रोजीं तें जोडून विमान प्रथम तेथूनच उडालें, आणि २२ नोव्हेंबर २०१७ रोजीं बंगालच्या उपसागरावर त्यांतून अस्त्र सोडण्यांत आलें. विमान मूळचें रशियाचें, अस्त्र अर्धें रशियाचें. पण एकास दुसरें जोडण्याचें काम रशियानें केलेलें नाहीं, तें ओझरच्या लोकांनीं केलें.

जमाखर्चाची दुसरी बाजू झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. भागीदार राष्ट्रानें स्वतःच्या आरमारासाठीं ब्रह्मोस घेतलें नाहीं. त्यानें आपलें ओनिक्सच ठेविलें. १६ जुलै २०१४ रोजीं, क्रीमिया गिळंकृत झाल्यानंतर, अमेरिकेनें रेउतोवच्या या संस्थेवर निर्बंध घातले. म्हणजे आपल्या भागीदाराच्या राजकारणाचें ओझें आपणांसहि वाहावें लागलें. २०२२ पासून तेंच ओनिक्स ओडेसा व तिच्या आसपासच्या प्रदेशावर येऊन पडलें आहे. एका गर्भांतलीं दोन अस्त्रें. त्यांतील एकाच्या ठिकऱ्या परक्या शहरांत सांपडतात, तेव्हां दुसऱ्याच्या मालकास केवळ अलिप्ततेचें समाधान पुरत नाहीं.

आपल्याकडूनहि एक भयंकर चूक झाली. ९ मार्च २०२२ रोजीं आपलें एक क्षेपणास्त्र चुकून सुटलें व पाकिस्तानांतील मियां चन्नू या गांवाजवळ जाऊन पडलें. सरकारनें दोन दिवसांनीं चूक कबूल केली, ऑगस्टमध्यें वायुदलाच्या तीन अधिकाऱ्यांस बडतर्फ केलें. क्षेपणास्त्राचें नांव त्या निवेदनांत नव्हतें. पण तें ब्रह्मोस होतें असेंच सर्वत्र धरलें गेलें. त्यावर स्फोटक नव्हतें व माणूस मेला नाहीं, यास दैवाशिवाय दुसरा शब्द नाहीं. ज्या वेगाची आपण येथवर स्तुति केली, त्या वेगांत 'थांबा' म्हणण्यास जागा नसते. मे २०२५ मधील संघर्षांत ब्रह्मोस प्रत्यक्ष युद्धांत वापरलें गेलें, तें पाकिस्तानच्या विमानतळांवर. असा हा योग आहे कीं, जहाजें बुडविण्यासाठीं जन्मलेलें हें अस्त्र दोन्ही भागीदारांनीं खऱ्या लढाईंत जमिनीवरच टाकलें.

जहाजांसाठीं म्हणूनच तें घेणारें पहिलें परकें गिऱ्हाईक फिलिपाईन्स. २८ जानेवारी २०२२ रोजीं सुमारें साडेसदतीस कोटि डॉलरांचा सौदा झाला. परक्यास विकावयाचें तर दोन्ही भागीदारांची संमति लागते, ती मिळाली. १९ एप्रिल २०२४ रोजीं हिंदी वायुदलाच्या विमानानें पहिला संच तेथें पोंचविला. त्रेपन्न वर्षांपूर्वीं कलकत्त्याच्या बंदरांत रशियन नौका उतरवून घेणारे खलाशी ज्या पेट्यांकडे कुतूहलानें पाहत होते, तशाच पेट्या आतां दक्षिण चिनी समुद्राच्या कांठीं एका लहान राष्ट्राचे सैनिक उतरवून घेत होते, आणि त्या कशा उघडाव्या हें त्यांना शिकविणारे हिंदी होते.